जळक्या तेलाचा डबा

"हाथ डाल ना अंदर. तुम लोगों को तो आदत है," भाभीजी म्हणाल्या.

मी त्यांच्या मागच्या अंगणात नालीपाशी गुडघ्यांवर बसले होते. गोंदियातलं राइस मिलवाल्यांचं घर. अकरा वर्षं मी तिथं स्वयंपाक करते. आदल्या दिवशी पूजेचं जेवण होतं. पुऱ्या, वडे मीच तळले. तळून उरलेलं तेल स्वयंपाकिणीनं न्यायचं, हा त्या घरचा रिवाज. माझा डबा भरून तिथंच ठेवला, बाकीचं त्यांच्या सुनेनं नालीत ओतलं. थंडीचे दिवस. पामतेल गोठलं, नाली तुंबली.

कोपरापर्यंत हात घातला. ओट्यावर पाहुणे चहा पीत बघत होते. पन्नाशीचं माझं अंग, उठताना भिंत धरावी लागली. कोणीतरी हसलं. मीही हसले. हसण्यात माझा नंबर नेहमी पहिला.

म्हटलं, "भाभीजी, तेल थंडं झालं का भुशात जिरवाव. मंग घंटागाडीत द्याव. भुसा तर तुमच्याच मिलमध्ये पडून राहते."

"अब तू हमें सिखाएगी?"

पुन्हा हसणं. या वेळी माझं नाही.

दुपारी माझ्यापुरते दोन पापड त्याच डब्यातल्या तेलात तळले. एक तुकडा कुत्र्यापुढे टाकला. भाभीजी धावल्या. "मोती को मत दे. जला हुआ तेल है, बीमार पड़ेगा."

निघताना तोच डबा माझ्या हातात. "ले जा बाई, घर में काम आएगा."

अकरा वर्षं नेला. भज्यांना, फोडणीला, नातवाच्या पुरीला. वर शेजारणींना सांगायची, मालकिणीचं मन मोठं. मन मोठं होतंच, मोतीसाठी.

घरी सांगितलं, हे तेल उद्या परत करते. नवरा म्हणाला, "तेलासाठी कायले भांडून राहिली? काम गेलं तं?"

खोटं नव्हतं त्याचं. त्या गल्लीत मी चार घरी राबते. चौघी मालकिणी एकमेकींच्या जावा-नणंदा. एक फोन, चारही दारं बंद. या वयात पाचवं दार कुठं शोधू? रात्रभर डब्याकडे बघत बसले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी झोपले. घोरले म्हणतात.

सकाळी मिलमधून गोणीभर भुसा घेतला. भाभीजींच्या अंगणात घमेल्यात पसरला, घरून कोमट करून आणलेला डबा त्यात उपडा केला. तेल जिरलं. नालीत थेंब नाही.

"ये क्या कर रही है?"

"घंटागाडीत द्या. मी नेत नाही आता. मोतीले जे चालत नाही, ते माह्या नातवालेबी चालत नाही."

भाभीजी म्हणाल्या, "सोच ले, बाई."

रिकामा डबा त्यांच्याच ओट्यावर ठेवून आले. उद्या सातला त्या दारात उभी राहीन. उघडलं तर पुऱ्या तळीन, नालीत हात घालणार नाही. नाही उघडलं, तरी घालणार नाही.