जेट्टीचाचांकडची सिमकार्डं

जेट्टीचाचांच्या हातून झेरॉक्स कधी कोरी बाहेर गेली नाही. आधारची असो, पॅनची असो की रेशनकार्डाची, ते खिशातलं निळं पेन काढणार आणि मधोमध आडवी, ठसठशीत ओळ लिहिणार: 'फक्त गॅस कनेक्शनसाठी', 'फक्त मुलीच्या शाळेसाठी'. खाली तारीख आणि सही. एकदा मोबाईलचा दुकानदार वैतागला. "चाचा, तुम्ही फोटोवरच लिवलंय. तोंड दिसत न्हाय." चाचा म्हणाले, "तोंड बघायचं तर मी समोर उभा हाय. माणूस निघून जातो बाबा, कागद मागं राहतो." त्याने दुसरी झेरॉक्स मागितली. चाचांनी तिच्यावरही लिहिलं, फक्त जरा खालच्या अंगाला. एवढीच काय ती सवलत.

त्यांचं खरं नाव गावात फारसं कोणी घेत नसे. खाडीपलीकडे आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत त्यांची तीस वर्षं गेली, म्हणून ते जेट्टीचाचा. आमचं गाव अलीकडे, दिघीपासून चालत पंधरा मिनिटांवर. सकाळच्या लाँचने कोण गेलं आणि संध्याकाळच्या लाँचने कोण परत आलं नाही, हे चाचांच्या डोक्यात पक्कं असे. राहिलेल्या माणसाच्या घरी ते स्वतः निरोप धाडत. या मायेचा काही जणांना फार जाच व्हायचा, कारण मुरुडला जातो सांगून भलतीकडे जाणाऱ्यांची पंचाईत होई. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. खिडकी सुटली, नजर तशीच राहिली.

आमच्या गावात ज्या घरात कर्ता पुरुष दिसेल त्या घरात पाहुणा आला असावा असं समजावं, इतकी माणसं आखातात. मी त्यातलाच एक. कतारमध्ये एसी दुरुस्त करत सोळा वर्षं काढली. परदेशी जाणाऱ्यापुढे एक फुटकळ पण डोकेदुखीचा प्रश्न असतो, तो म्हणजे इथल्या सिमकार्डाचा. बँक, आधार, पॅन सगळं त्या नंबराला बांधलेलं. ते तिकडे नेऊन चालू ठेवणं परवडत नाही, इकडे नुसतं टाकून दिलं तर बंद पडतं, आणि बायकोच्या मोबाईलवर मुलं दिवसभर गेम खेळत असतात. तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा आपलं सिम चाचांकडे ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं. मी दिलं तेव्हा माझं आठवं होतं. चार साधे बटणांचे मोबाईल, प्रत्येकात दोन सिमं, मागे चिकटपट्टीवर नावं. खाडीकडच्या खिडकीत रेंज चांगली येते म्हणून तिथे ओळीने मांडलेले. त्यांना कोणी हात लावलेला चाचांना खपत नसे. "अमानत हाय," एवढंच म्हणत.

आधी हे नुसतं सांभाळणं आणि वेळेवर रिचार्ज मारणं होतं. पुढे आठांपैकी मस्कतला असलेल्या एकाच्या नावावर भलत्याच कोणी कर्ज उचलल्याचं निघालं. ते निस्तरता निस्तरता बिचाऱ्याची एक अख्खी सुट्टी गेली. त्या दिवसापासून चाचांनी मनावर घेतलं आणि साठी उलटल्यावर क्रेडिट रिपोर्ट वाचायला शिकले. आमच्याकडून वर्षाचे पैसे भरून घेतले, आठही जणांची नावं कर्जाच्या नोंदींवर नजर ठेवणाऱ्या सेवेत घातली, आणि कोणा कंपनीने आमच्या नावाची चौकशी केली की खिडकीतल्या मोबाईलवर मेसेज वाजू लागला. मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं, हे कबूल करतो.

मी फोनवर विचारलं, "नुसती चौकशी केली तर बिघडतं काय?" चाचांना समजावून सांगायला फार आवडे. "तू कर्ज मागायला गेलास की ते लोक तुझी माहिती काढतात, आणि काढल्याची खूण मागं राहते. एकदोन असल्या तर काय न्हाय. पण पोरीच्या लग्नासाठी बापाने एका महिन्यात दहा दारं ठोठावली तर लोक काय म्हणतील? काहीतरी खोट हाय म्हणतील. हे तसंच हाय." मग तुम्ही दर महिन्याला माझा रिपोर्ट उघडता त्याची खूण पडत नाही का, असं मी विचारलं. ते हसले. "आपल्याच घरात डोकावलं तर कोण नावं ठेवतो रं?"

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नमाजनंतर चाचांचा आवाजी मेसेज यायचा. "इरफान, सलाम. तुझ्या नावावर कोणी आला न्हाय, कोणी गेला न्हाय. घरी सगळी बरी हायत. जेवलास काय?" आठही जणांना हाच मेसेज, फक्त नाव बदललेलं. आम्ही आपसात त्यांची नक्कल करायचो. पण पत्र्याच्या खोलीत, सहा दुमजली खाटांच्या मध्ये बसून तो आवाज ऐकला की दिवसभराचा शीण थोडा उतरायचा. तिकडे इतक्या वर्षांत आमच्या मुकादमाने मला एकदाही विचारलं नाही की जेवलास का.

चौदाव्या वर्षी मी थकलो. याला दुसरा शब्द नाही. गच्च्या चढून चढून गुडघे गेले होते, आणि मुलगी मला फोनवरच ओळखत होती. बेत साधा होता. करार संपला की परत यायचं, मासळी वाहायला बर्फाच्या पेटीचा टेम्पो घ्यायचा. थोडे पैसे जवळ होते, बाकीचं कर्ज. माझ्या बायकोने, नफीसाने, टेम्पो उभा राहावा म्हणून अंगणातली पेरूची झाडं तोडून जागासुद्धा करून ठेवली. चाचांनी तिला बजावलं होतं, "एकाच ठिकाणी अर्ज कर बेटी. शोरूमवाला म्हणेल, पॅन द्या, चार ठिकाणी बघतो. देऊ नको." तिने तसंच केलं. माझ्या नावाने एकच अर्ज, एकाच ठिकाणी.

तो नामंजूर झाला. तिथल्या साहेबाने नफीसाला सांगितलं, "तुमच्या मिस्टरांच्या नावावर एका महिन्यात नऊ चौकश्या दिसतायत. एवढ्या ठिकाणी कर्ज मागणाऱ्याला आम्ही कसं देणार? सहा-आठ महिन्यांनी या." ती तिथून तडक चाचांकडे गेली. चाचा म्हणाले, "शक्यच न्हाय. कोणी आला न्हाय." आणि आपल्या मोठ्या मोबाईलवर माझा रिपोर्ट उघडला. नऊ ओळी होत्या. सगळ्या झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांच्या, सगळ्या लागोपाठच्या दोन दिवसांतल्या. त्या दोन दिवसांत चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला होते. नफीसा सांगते, तारखा वाचून झाल्यावर चाचा उठून खिडकीशी गेले. मग त्यांनी खिडकीतले मोबाईल एकेक करून उचलून पाहिले आणि परत ठेवले.

घरात तेव्हा एकटा फैसल होता, चाचांचा मुलगा. न्हावा शेव्याला एका कंटेनरच्या ऑफिसात नोकरीला होता, ते ऑफिस बंद पडलं. त्याचे स्वतःचे हप्ते थकलेले, त्यामुळे त्याला कोणी दारात उभं करेना. त्या सेवेसाठी दिलेली माझ्या पॅनची प्रत घरात, सिम खिडकीत. ओटीपी येईल तसा तो टाकत गेला. आठांतून मलाच का निवडलं, तर लहानपणी आम्हाला लोक सख्खे भाऊ समजायचे. त्याला वाटलं, ॲपच्या कॅमेऱ्यालाही वाटेल. नऊच्या नऊ ॲपनी चेहरा पाहून त्याला परत पाठवलं. एक पैसा मिळाला नाही, नऊ खुणा मात्र माझ्या नावावर राहिल्या. आलेले मेसेज त्याने पुसून टाकले होते. हे सगळं त्याने मग चाचांपुढे कबूल केलं.

त्या संध्याकाळी मी एका इमारतीच्या गच्चीवर होतो. चाचांचा मेसेज आला, शुक्रवार नसताना. "इरफान, सलाम. तुझ्या नावावर नऊ जण येऊन गेले. मी तुला सांगितलं होतं, कोणी आला न्हाय. माझ्या डोळ्याला पट्टी होती. मी फैसलला विचारलं, तो म्हणाला काय न्हाय, आणि मी तसंच तुला बोललो. न बघता बोललो. दार माझ्याच घरातून उघडलं गेलं. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकतो." मी तो तीनदा ऐकला. त्यात जेवलास काय, हे नव्हतं. पोराने चोरी केली यापेक्षा आपण न बघता बोललो, हेच त्यांना जास्त लागलं होतं, आणि ते पुढे शेवटपर्यंत तसंच राहिलं.

चाचांनी बसून नऊही चौकश्यांवर हरकत घेतली. उत्तरं आली ती एकसारखी: ओटीपी तुमच्याच नंबरावरून दिला गेला आहे, फसवणूक झाली असेल तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडा. म्हणजे माझं नाव साफ करायचं तर फैसलचं नाव लिहून द्यायचं. चाचांनी मला फोन केला. आवाज एकदम साधा, जेट्टीवर लाँचची वेळ सांगावी तसा. "तू व्हय म्हण. उद्या सकाळी मी त्याला घेऊनच पोलीस स्टेशनला जातो."

माझा करार संपायला तीन आठवडे होते. तक्रार दिली असती तर कदाचित टेम्पोचं कर्ज झालं असतं. नाही दिली तर पुन्हा दोन वर्षांच्या करारावर सही, कारण कंपनी सहा महिन्यांचा करार करत नाही. पण फैसलही आखाताचेच कागद जमवत होता, त्याच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता. पोलिसांत नाव गेलं की पासपोर्ट अडकतो, आणि आमच्याकडे पासपोर्ट अडकला की माणूसच अडकला. मी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी सांगितलं, "राहू दे चाचा." ते म्हणाले, "दोन वर्षं जातील तुझी." मी म्हटलं, "जाऊ देत. चौदा गेली, तशी दोन." फोनवर ते रडत होते. मला मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. नफीसाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मोठे दिलदार. दोन वर्षं माझीपण गेली. मला कोणी विचारलं काय?"

चाचांनी उरलेल्या सातही जणांना मेसेज करून सगळं जसं घडलं तसं सांगितलं, मुलाच्या नावासकट. म्हणाले, ज्याला सिम परत हवं त्याने घरच्यांना पाठवा. दोघांनी नेली. पाच जणांनी सांगितलं, राहू द्या तुमच्याकडेच. त्यानंतर चाचा रोज, हो रोज, माझ्यासकट सहाही रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघत. फैसलला खिडकीजवळ फिरकू देत नसत.

वर्षाने मी सुट्टीवर आलो आणि त्यांच्याकडे गेलो. चाचा एवढेसे झाले होते. चहा झाला, मुलीची चौकशी झाली, फैसल दोह्याला लागल्याचं सांगून झालं. मग त्यांनी खिडकीतून माझा मोबाईल आणला, मागचं झाकण काढलं, सिम तळहातावर घेतलं आणि विचारलं, "अजून एक वर्ष हाय ना तुझं? ठेवू माझ्याकडं? आता मीच बघतो, दुसरं कोणी न्हाय." माणूस एखादी गोष्ट मागतो तेव्हा त्याचा हात कसा असतो, तसा त्यांचा हात होता.

मी म्हटलं, "नेतो चाचा. तुमच्या डोळ्यांना उगाच त्रास."

"व्हय," ते म्हणाले. "त्रास होतो खरा." आणि सिम माझ्या हातात दिलं.

सात महिन्यांनी ते गेले. मी कतारमध्येच होतो, मातीला पोचलो नाही. फैसलचा फोन आला. त्या नऊ चौकश्यांनंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. तो शेवटच्या आठवड्यात घरी पोचला होता. म्हणाला, "अब्बा सारखं विचारत होते, इरफानचं सिम कोण सांभाळतंय? मी सांगितलं, भाभीकडं हाय, चालू हाय, ती रोज बघते. बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलंस," मी म्हटलं. ते सिम माझ्या पाकिटात होतं. रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलेलं.

आता मी गावातच असतो, टेम्पो चालवतो. पोलिसांत न जाता मी चाचांसाठी दोन वर्षं सोडली, म्हणून लोक अजून माझं कौतुक करतात. ती दोन वर्षं त्यांनी कधी मागितलीच नव्हती. मागितलं होतं ते एक सिमकार्ड, आणि ते मला देता आलं नाही.