दाक्षायणीचा कडक सोमवार

दुधनीहून लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून दाक्षायणीचा सोमवार कडक. गल्लीतल्या सासवा आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. ती घरी शेंगापोळ्या करून विकायची. करपलेली पोळी गिऱ्हाइकाला कशी द्यायची, म्हणून ती तिच्याच तोंडात जायची. आणि का कोण जाणे, पोळ्या करपायच्या त्या नेमक्या सोमवारी. ‘देवालाच आपली भूक बघवत नाही,’ असं ती स्वतःला सांगायची, आणि पटवूनही घ्यायची.

रक्तातली साखर मात्र असल्या समजुतीला भुलत नाही. दोन गोळ्या चालू असून ती चढलेलीच. आता तिसरं औषध निवडायचं होतं. दवाखान्यात सून ऋतुजा बरोबर आली.

“उपवास करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोमवार. पाण्याचा थेंबबी न्हाई.” तो थेंब दाक्षायणीनं आत्ताच पदरचा घातला होता. दारात पुढच्या नंबरच्या दोघी ऐकत उभ्या होत्या, मोह आवरला नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग ही गोळी नको. रिकाम्या पोटी साखर एकदम उतरेल, चक्कर येऊन पडाल. दुसरी लघवीवाटे साखर काढते, पाणी न पिणाऱ्याला तीही नको. राहिलं इंजेक्शन. आठवड्याला एक, पोटात, आपलं आपणच टोचायचं.”

पोटात! नाक टोचताना सोनाराच्या हाताला चावलेली बाई ती. एकीकडे कीर्ती, एकीकडे सुई.

“डॉक्टर,” ती पुटपुटली, “पाणी पिते की मी.”

“आणि?”

“पोळीबी खाते. एखाददुसरी. करपलेली.”

“चार,” ऋतुजा म्हणाली. “आत्या, आच बारीक केली की तुमी परत मोठी करताव.”

“तुला ठाव हुतं व्हय गं?”

“घरात सगळ्यास्नी ठाव हाय. मामा तर सोमवारी खोकूनच सैपाकघरात येतेत.” म्हणजे नवऱ्याचा तो खोकला मुद्दामचा होता तर!

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मघाची पहिलीच गोळी लिहिली. “नाष्ट्याआधी घ्यायची. सोमवारीसुद्धा वेळेवर जेवायचं. भाकरी चालेल, पोळी बंद. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर खा आणि मला कळवा.”

पुढच्या सोमवारी दाक्षायणी सगळ्यांदेखत ताट घेऊन बसली. ताटात भाकरी आणि शेपूची भाजी. तव्यापाशी ऋतुजा होती. एक पोळी करपेल तर शपथ. शेंगा-गुळाचा वास घरभर, आणि शेपूचा घास तोंडातल्या तोंडात फिरतोय.

इतक्या वर्षांत उपवास म्हणजे काय, ते तिला आज कळलं.