निजाम मिस्त्रीची अट

लातूरला औसा रोडच्या गॅरेज लाइनीत मी आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्या. समोरच निजामोद्दीन मिस्त्रींचं गॅरेज होतं. मला लिहायची सवय नाही, आणि हे नीट उतरेल की नाही याचीही शंका आहे. पण निजामभाई वारल्यावर लोक म्हणायला लागले की फार खुनशी माणूस होता. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. म्हणून मशीनवर बसून जे पाहिलं तेवढं सांगतो.

आमच्या लाइनीत एक रीत होती. ज्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, गाडी अडली तर आधी त्यालाच बोलवायचं. त्यानं स्वतः हाक मारल्याशिवाय दुसऱ्यानं त्या गाडीला पान्हा लावायचा नाही. भांडणं होऊ नयेत म्हणून हे कुणीतरी कधी ठरवलं असेल. सगळे पाळायचे.

भूकंपाच्या आधी गुरुबसप्पांनी आपली जुनी पेट्रोल जीप निजामभाईंकडे टाकली होती. गुरुबसप्पा म्हणजे आडत्याचा धंदा, पांढरा शर्ट, बोलायला मोठा आवाज. निजामभाईंनी अख्खं इंजिन उतरवून नवं केल्यासारखं केलं आणि भूकंपाच्या तीन दिवस आधी जीप परत दिली. जीप अशी चालायची की गुरुबसप्पा उगीच लाइनीतून फेऱ्या मारायचे.

मग भूकंप झाला. गुरुबसप्पांची धाकटी बहीण जगदेवी किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. सकाळी त्या बाजूची बातमी आली तसे गुरुबसप्पा जीपकडे धावले. जीप चालू होईना. इंजिन फिरायचं, पण आग धरायचं नाही. आम्ही दहा-बारा जणांनी पार चौकापर्यंत ढकलली. निजामभाई तेव्हा घरी होते, त्यांच्या गल्लीतही भिंती पडल्या होत्या. कुणाला त्यांना बोलवायचं सुचलं नाही. शेवटी गुरुबसप्पा एका ट्रकवर चढून गेले, ते दुपार कलल्यावर पोहोचले. जगदेवी ढिगाऱ्याखालून बराच वेळ बोलत होती म्हणतात. तिचा नवरा मन्मथ हातानं दगड काढत होता. जीप असती, चार माणसं आणि पहार वेळेवर गेली असती, तर.

परत आल्यावर गुरुबसप्पांनी भर चौकात निजामभाईंची कॉलर धरली.

"तुझ्या हातानं माझी बहीण मेली! इंजिन बांधतो का खेळणं करतो रं?"

निजामभाई म्हणाले, "मालक, एकदा मला गाडी बघू द्या. रीत हाय आपली."

"तुझा हात न्हाई लागू देणार आता."

काही दिवसांनी जीप पुन्हा रस्त्यावर दिसली. गुरुबसप्पांनी सांगितलं, सोलापूरहून मिस्त्री आणला, त्यानं निजामची चूक दुरुस्त केली. तो मिस्त्री लाइनीत कुणी पाहिला नाही. पण ज्याची बहीण गेली त्याला खोटं कोण म्हणणार? मीही म्हणालो नाही.

निजामभाईंकडे मोठं काम येणं बंद झालं. पंक्चर, ब्रेकची तार, लुना, एवढंच. पोरं टोमणे मारायची, "मिस्त्री, गाडी चालू होईल ना? न्हाईतर ढकलायला माणसं आणतो." त्यांची बायको शहजादीभाभी उदगीरची. ती म्हणायची, चला माझ्या माहेरी, तिथं कोण ओळखतंय. निजामभाई म्हणायचे, "गेलो तर तो खरा ठरंल. मी हितंच बसणार, त्याच्या डोळ्यासमोर." मन्मथ तर रस्त्यात निजामभाई दिसले की थुंकायचा. गुरुबसप्पांनी त्याला आपल्याकडे आणून ड्रायव्हर ठेवलं होतं. तीच जीप तो चालवायचा.

निजामभाई मला एकदा म्हणाले, "मी बांधलेल्या इंजिनात तीन दिवसांत आग बंद होत न्हाई. कुणीतरी काहीतरी केलंय. मला फक्त एकदा हात लावू दे. मग बघ."

नंतर लातूर बदललं. गल्लोगल्ली क्लास निघाले, बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. गुरुबसप्पांनी आडत सोडून पोरांसाठी तीन मजली हॉस्टेल बांधलं आणि एका क्लासच्या सरांशी भागी केली. निकाल लागला की क्लासवाले पहिल्या आलेल्या पोरांची मिरवणूक काढायचे, हार घालून, गुलाल उधळत, उघड्या जीपमधून. एका साली मिरवणुकीसाठी गुरुबसप्पांनी जीपचं इंजिन पुन्हा काढून करायला दिलं. काम मिळालं सुदामला, लाइनीतल्याच तरुण मिस्त्रीला. आदल्या संध्याकाळी त्यानं इंजिन चालवून बघितलं, मग सीट काढून झाडून परत बसवली.

निकालाच्या दिवशी सकाळी जीप माझ्या दुकानासमोर उभी. झेंडूच्या माळा, दोन लाउडस्पीकर, मागं ढोल-ताशावाले. पोरं-पोरी फेटे बांधून चढली. मन्मथनं चावी फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरलं आणि थांबलं. पुन्हा. पुन्हा.

सुदाम घामाघूम. त्यानं पॉइंट बदलला, कंडेन्सर बदलला, शेवटी ठिणगीला करंट देणारी कॉइलसुद्धा नवी आणली. प्लगची वायर इंजिनाजवळ धरून बघितली, ठिणगी नाही. पालक ओरडायला लागले. सर म्हणाले, "गुरुबसप्पा, नाक कापलं तुम्ही." गुरुबसप्पा जीपपाशी उभे होते. आमचा हा मोठ्या आवाजाचा माणूस सकाळपासून एक शब्द बोलत नव्हता, नुसता सीटकडे बघून राहिला होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

सुदाम रस्ता ओलांडून निजामभाईंकडे गेला. "चाचा, हात टेकले. तुम्हीच बघा. माझं इंजिन हाय, मी बोलावतोय."

निजामभाई उठले. हात पुसले. बल्बला दोन तारा जोडलेला त्यांचा टेस्ट लॅम्प घेतला. गुरुबसप्पा पुढं झाले, "तू न्हाई. दुसरा बोलवा."

सुदाम म्हणाला, "अप्पा, खोललं मी, बोलावलं मी. आता तुम्ही आडवं येऊ नका."

लाइनीतले सगळे बघत होते. गुरुबसप्पा बाजूला झाले.

निजामभाईंनी काही घाई केली नाही. चावी चालू करायला सांगितली आणि लॅम्पची तार कॉइलला लावली. बल्ब पेटला नाही.

"सुदाम, कॉइल बदलली म्हणलास?"

"नवी हाय चाचा."

"करंट आलाच न्हाई तर नवी कॉइल काय पूजेला ठेवायची?"

लोक हसले. निजामभाई हसले नाहीत. त्यांनी चावीच्या मागं तार लावली. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे करंट चावीपर्यंत येत होता, आणि चावी ते कॉइल एवढ्या अंतरात हरवत होता. ते वाकले, वायर बोटांनी चाचपत गेले. सरळ इंजिनाकडे जायची ती वायर मागं वळली होती, पायाखालच्या रबराखालून, ड्रायव्हरच्या सीटकडे.

"मालक, ही वायर मागं कशाला गेली?"

"जुनी आसंल. हॉर्नची."

"हॉर्न पुढं असतो मालक."

सुदाम म्हणाला, "चाचा, जाऊ द्या ना, डायरेक्ट तार टाका आणि चालू करा."

"टाकता येती," निजामभाई म्हणाले. "पण मी टाकणार न्हाई."

ते सीटपर्यंत आले. जोड दिसत होता तिथली काळी टेप नखानं सोलली. आत लाल दोऱ्याची गाठ होती. ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ही गाठ कुणाची, सांगा?"

लाइनीतल्या म्हाताऱ्यांनी ओळखली. संगप्पा वायरमनची. तो लाइनीत गाड्यांची वायरिंग करायचा आणि प्रत्येक जोडावर टेपच्या आत लाल दोरा बांधायचा. आणि संगप्पा भूकंपाच्या दोन दिवस आधी बिऱ्हाड घेऊन हैदराबादला गेला, तो परत आलाच नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे हा जोड भूकंपाच्या आधीचाच.

निजामभाई उभे राहिले. "सीटखाली चोर स्विच हाय. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवतात, बंद केला की इंजिनाला करंट जात न्हाई. सुदामनं सीट काढून बसवली तवा धक्का लागला आसंल. कुठं हाय ते मला दिसत न्हाई. ज्यानं बसवून घेतला त्याला ठावं." मग गुरुबसप्पांकडे वळून म्हणाले, "चालू करा मालक."

"मला काय ठावं?"

"मग राहू द्या."

ते तिथंच जमिनीवर बसले. तेवढ्यात दुसऱ्या क्लासची मिरवणूक गांधी चौकाकडून येताना ऐकू यायला लागली. सर गुरुबसप्पांच्या अंगावर धावले, "अहो, काहीतरी करा! आता ते आपल्या समोरून जातील!"

गुरुबसप्पा वाकले. सीट उचलली नाही, बघितलं नाही, शोधलं नाही. डावा हात सीटखाली सरळ आत गेला, जसा अंधारात आपल्या घराच्या कडीवर जातो. टक् झालं.

मन्मथ स्टिअरिंगवर होता. हात त्याच्या मांडीखालून गेला होता. त्यानं चावी फिरवली आणि जीप पहिल्या झटक्यात चालू झाली. टाळ्या वाजल्या. मन्मथनं चावी पुन्हा बंद केली.

"अप्पा, हे बटन त्या दिवशी होतं?"

गुरुबसप्पा सीटखालून काढलेला हात शर्टाला पुसत राहिले.

"होतं का?"

"नवं होतं रे दाजी. गडबडीत ध्यानातच न्हाई राह्यलं."

"आणि नंतर?"

निजामभाई बसल्या जागेवरून म्हणाले, "नंतर ध्यानात आलं. तवाच सोलापूरचा मिस्त्री आला."

मन्मथ खाली उतरला. चावी त्यानं गुरुबसप्पांच्या हातात दिली नाही, सीटवर ठेवली. निजामभाईंसमोर क्षणभर थांबला आणि स्टँडच्या दिशेनं चालत गेला. परत हॉस्टेलवर आला नाही. मिरवणुकीत जीप गुरुबसप्पांनाच चालवावी लागली. मागं पोरं नाचत होती आणि पुढं ते गुलालानं माखून रस्त्याकडे बघत बसले होते.

मला वाटलं, झालं. निजामभाईंचं नाव धुतलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे गाड्यांची रांग लागली. पण ते पान्हा उचलेनात. त्यांनी एक अट घातली.

"माझ्याकडून काम पाहिजे तर आधी गुरुबसप्पाच्या दारात जा. विचारा, त्या दिवशी जीप का चालू झाली न्हाई. उत्तर आणा, मग गाडी लावा."

लोकांना आधी गंमत वाटली. मग जायला लागले. टमटमवाले, ट्रॅक्टरवाले, रेणापूरचे शेतकरी. गुरुबसप्पा सुरुवातीला शिव्या द्यायचे, दार लावून घ्यायचे. हॉस्टेलची पोरं वरून बघायची. पुढं पुढं ते उत्तर देऊन टाकायचे, माणूस लवकर जावा म्हणून. शहजादीभाभी म्हणाली, "बस करा आता." निजामभाई म्हणाले, "मला किती वर्षं बस करायला लावलं?"

माझी लुना बंद पडली तेव्हा मला वाटलं, आपल्याला अट नसेल. समोरासमोर आयुष्य गेलं. लुना ढकलत नेली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "जाऊन आलास?"

"निजामभाई, मी कसा विचारू? मला असलं जमत न्हाई."

"त्यानं माझी कॉलर धरली तवा तूबी चौकात होतास. तुलाबी जायचंय."

गेलो. हॉस्टेलच्या पायरीवर किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. गुरुबसप्पा खुर्चीवर बसले होते, शर्ट मळलेला. मी पायरी चढून पुढं झालो. त्यांनीच हात वर केला.

"विचारू नको. बटन माझंच बंद होतं. सांग त्याला."

मी परत आलो आणि जसंच्या तसं सांगितलं. निजामभाई लुनाचा प्लग काढत होते.

"बहिणीचं नाव घेतलं?"

"न्हाई."

"माझं?"

"न्हाई. 'त्याला' म्हणले."

त्यांनी प्लग फुंकला, पुसला, परत बसवला आणि लुना चालू करून माझ्या हातात दिली.

"अजून लोक जाऊ देत," म्हणाले, आणि पुढच्या रिक्षावाल्याला विचारलं, "तू जाऊन आलास का?"