सासूबाईंच्या घोट्याचा एक्स-रे

चपलांचं दुकान बंद पडलं तेव्हा ती छत्तिशीत होती आणि तिला एकच विद्या येत होती: माणसाचं तोंड न बघता त्याच्या पायाचा नंबर सांगणं. शेवटच्या दिवशी दुकानाचं शटर ओढताना तिचा अंगठा चेमटला. एक्स-रे काढायला गेली, तर तिथल्या मुलाने तिचा हात धरला, पाटीवर ठेवला, "हलू नका" म्हणाला आणि बटण दाबलं. ठणकणारा अंगठा घेऊन बाहेर पडताना तिच्या मनात आलं, एवढंच? आयुष्यभर लोकांचे पाय धरले, आता हातही धरीन!

घरी हे सांगितल्यावर व्हॅन चालवणारा नवरा "बघ बाई, जमत असेल तर" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "आधी जिवंत माणसांचे पाय धरत होतीस, आता सांगाड्यांचे धर."

बारावी सायन्सचं जुनं प्रमाणपत्र ट्रंकेतून निघालं आणि तिला सरकारी इस्पितळातल्या एक्स-रेच्या कोर्सला प्रवेश मिळाला. वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव "मावशी" ठेवलं. तेच पुढे शिकवणाऱ्या मॅडमच्या तोंडीही बसलं. मॅडमलाही पोरांनी एक नाव ठेवलं होतं, पण पाठीमागे. कोपर नव्वद अंशांत वाकला नसेल तर त्या पेशंटसमोरच झापायच्या, म्हणून "काटकोन".

एक्स-रे विभागात प्रत्यक्ष काम शिकायची पाळी आली, तेव्हा काटकोन मॅडम म्हणाल्या, "आधी हातपाय. इथे चुकलात तर माणूस मरत नाही, फक्त जन्मभर तुम्हाला शिव्या देतो."

सुरुवातीला सराव एकमेकांवरच. मशीन बंद, बटणाला हात लावायचा नाही. एकाने टेबलावर आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्याचा गुडघा वळवायचा, तिसऱ्याने हसायचं. मावशीचं हाडांचं पाठांतर चांगलं होतं, पण सवयी दुकानातल्या. खरा पेशंट समोर आला की ती थेट त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसायची, टाचेमागे बोट घालून बघायची. एका गृहस्थांना तर तिने "पुढे अंगठा टेकतोय का?" असंही विचारलं. गृहस्थांनी प्रामाणिकपणे अंगठा हलवून बघितला आणि कळवळले. तो अंगठाच मोडला होता.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "इथे माप घ्यायचं नाही."

एकदा तिने डाव्या हाताच्या फोटोत उजव्याची खूण ठेवली. मॅडमनी सगळ्यांसमोर तो फोटो लावला. "उद्या सर्जन याच्या धडधाकट हाताला प्लास्टर घालतील. आणि हा माणूस दोन्ही हात गळ्यात बांधून तुमचं घर शोधत येईल." त्या दिवशी मावशी बाथरूममध्ये जाऊन रडली. तोंड धुऊन बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्या माणसाचा डावा-उजवा मनात घोकत बसली.

मग परीक्षेचा दिवस आला. नियम सोपा होता. अपघात विभागातून जो पेशंट येईल तो घ्यायचा; मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून गुण देणार. मावशीची पाळी आली, दार उघडलं, चाकाची खुर्ची आत आली आणि खुर्चीत सासूबाई.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "दुसरं कोणी नाही का इथे?"

मावशीने मॅडमना नातं सांगितलं. मॅडमनी सासूबाईंना विचारलं, "चालेल ना? नाहीतर दुसरी विद्यार्थिनी बोलावते."

"राहू दे. परकीला पाय दाखवण्यापेक्षा हीच बरी."

"तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगा," मावशी म्हणाली.

"माझं नाव तुला ठाऊक नाही?"

"नियम आहे, आई."

सासूबाईंनी नाव सांगितलं आणि डोळ्यांची पापणीही न लववता जन्मतारीख सांगितली. त्या तारखेने त्यांचं वय चोपन्न होत होतं. गेली कित्येक वर्षं त्या ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत बसने फिरत होत्या, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. पण कागदावरही चोपन्नच लिहिलेलं. आणि त्या विभागात पंचावन्नच्या आतल्या प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारावाच लागे, मग फोटो पायाचा असो की डोक्याचा. मॅडम पेन उचलून वाटच बघत होत्या.

मावशीने कागदाकडे बघतच विचारलं, "तुम्ही गरोदर असण्याची शक्यता आहे का?"

सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग छताकडे. "तुझ्या सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणजे नाही?"

"नाही!"

मावशीने नोंद केली. मग पुढचा प्रश्न. कागदावर लिहिलं होतं, पायरीवरून घसरल्या. त्यांचं घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, ताटासारखं सपाट.

"कुठली पायरी, आई?"

"असते एक."

"आपल्या घरात?"

"तू फोटो काढायला आलीस की चौकशीला?"

मॅडम मध्ये पडल्या. "आजी, पाऊल आत वळलं की बाहेर, हे कळायला हवं."

"आजी कोणाला म्हणता?"

मावशीने मोजा उतरवला. घोटा टम्म फुगला होता. पण तिचं बोट जुन्या सवयीने पावलाच्या बाहेरच्या कडेवर गेलं, करंगळीच्या मागच्या हाडावर, आणि सासूबाई किंचाळल्या.

"आई, खरं सांगा. कसं झालं?"

सासूबाईंनी तिला कान जवळ आणायची खूण केली. "तुझे ते लाल सँडल. उंच टाचांचे. आरशासमोर चालून बघत होते."

"ते पाच नंबर आहेत. तुम्हाला सहा लागतो."

"म्हणूनच पडले असेन. टाच कलंडली आणि पाऊल आत गेलं."

मावशी मॅडमकडे वळली. "पाऊल आत वळलंय आणि इथेही दुखतंय. डॉक्टरांनी नुसता घोटा लिहिलाय. पावलाचाही फोटो काढावा का, विचारू?"

"मला काय विचारता? फोन तिकडे आहे."

डॉक्टर हो म्हणाले. मावशीने पाय टेबलावर घेतला, गुडघ्यापासून जरासा आत वळवला, खूण तीनदा तपासली, बटणापाशी जाऊन म्हणाली, "हलू नका." सासूबाईंनी नाक खाजवलं. पहिला फोटो पुसट आला. दुसऱ्यांदा काढायला मॅडमची परवानगी घ्यावी लागली. मान खाली घालून मावशी टेबलापाशी परतली आणि हळूच म्हणाली, "आई, आता हललात तर बाहेर जाऊन तुमचं खरं वय सांगीन."

त्यानंतर सासूबाई अशा पडून राहिल्या, की मॅडमनी त्यांचा श्वास चालू आहे का ते बघितलं.

घोटा शाबूत होता. करंगळीमागच्या हाडाला स्वच्छ चीर होती. मावशीने ती पडद्यावर दोनदा बघितली. बाहेर आली ती कोरा चेहरा घेऊन.

"मोडलंय ना?"

"ते डॉक्टर सांगतील."

"अगं, मी तुझी सासू आहे!"

"आत्ता पेशंट आहात."

मॅडमनी निकाल तिथल्या तिथे दिला. पास. "फोटो उत्तम. पेशंटला धमकावल्याचे गुण मात्र कापलेत. माझे कान तिखट आहेत, मावशी."

प्लास्टर घालून होईपर्यंत नवरा व्हॅन घेऊन धावत आला. "आई, अगं पडलीस कशी?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या नजरेत विनंती अशी कधी आलीच नव्हती.

"पेशंटची माहिती बाहेर सांगता येत नाही," मावशी म्हणाली.

"अगं, पण मी मुलगा आहे तिचा!"

"मुलगा असलास म्हणून काय झालं?" सासूबाई कडाडल्या. "नियम आहे तिचा. गाडीचं दार उघड आधी, पाय दुखतोय माझा."