गोळ्यांची परीक्षा आणि माझी खाट

माझ्या धाकट्या लेकाने जीव वाचवायला रिव्हॉल्वर घेतलं. कोणाचा जीव, हे त्याला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

आमचं गाव राजुऱ्याच्या बाजूला, कोळशाच्या खाणीला लागून. लेकाचे ट्रक खाणीवर चालतात. काही वर्षांपूर्वी फेऱ्यांवरून दुसऱ्या एका ट्रकवाल्याशी त्याचं भांडण झालं. तो टपरीवर चार माणसांत म्हणाला, "तुले पाहून घेतो." एवढ्यावर माझ्या लेकाने लायसनचा अर्ज टाकला. चौकशीला पोलीस घरी आले. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या मुलाच्या जिवाला धोका आहे का?" मी म्हटलं, "आहे. खर्ऱ्यापासून." तंबाखू-सुपारीचा धोका त्यांनी लिहून घेतला नाही.

लायसन हातात पडेपर्यंत भांडण मिटलं होतं. नुसतं मिटलं नव्हतं, दोघे भागीदार झाले होते. ज्याच्या भीतीने अर्ज केला तोच माणूस आमच्या घरी बसून मटणाच्या रश्श्यात भाकर चुरत होता. मी लेकाला विचारलं, "आता कायले पाह्यजे पिस्तूल?"

"चोर येतात, माय."

"चोरानं न्यावं असं तुह्या घरी पिस्तुलाशिवाय काय राहीन?"

तो नागपूरला जाऊन घेऊन आला. रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून तो पंचशील म्हणतो. प्राणी मारणार नाही असं त्यात सगळ्यात आधी येतं. ते म्हणून झालं की त्याच टेबलावर पिवळं फडकं अंथरून रिव्हॉल्वर पुसायला बसायचा. बायकोच्या लग्नातल्या साडीला कधी हात लावला नसेल इतक्या हलक्या हाताने पुसायचा.

माझं यात काय जात होतं ते सांगते. आमचं घर समोरून सिमेंटचं दिसतं. आत पाहिलं तर खाणीच्या सुरुंगांनी भिंतींना चिरा पडल्या आहेत. मधली विटांची भिंत तर पारच फाटली, ती उतरवून टाकावी लागली. खाणीसाठी गाव उठणार, उठणार असं इतकी वर्षं चाललंय की कोणी नवी भिंत बांधत नाही. आम्ही मधे बांबूची ताटी उभी केली आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपली. ताटीच्या एका बाजूला लेक आणि सून झोपतात. दुसऱ्या बाजूला माझी खाट, आणि खाटेवर माझ्याबरोबर नात. घराचं मागचं दारही माझ्याच बाजूला आहे. पुढचं दार रस्त्यावर, तिथून कोणता चोर येतो? चोर आला तर मागून येणार, म्हणजे माझ्या खाटेजवळून. आणि लेक उशीखालून रिव्हॉल्वर काढून गोळी मारणार ती ताटीच्या दिशेने. हे समजायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

लेकाला ते समजावं म्हणून मी बोलले. त्याने मोबाइल पुढे केला. मोबाइलमध्ये एक परदेशी माणूस पारदर्शक जेलीच्या ठोकळ्यावर गोळ्या मारत होता. जेलीला आधी जीन्सची पँट गुंडाळलेली.

"हे पोकळ तोंडाची गोळी आहे, माय. अंगात शिरली का फुलासारखी उघडते. तिथीच थांबते. आरपार जात नाई. मागच्या माणसाले धोका नाई."

"मागचा माणूस म्हणजे कोण?"

त्याने ताटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोनीबी."

तो आणि भागीदार दोघे मिळून गोळ्या आणायला गेले. दुकानदाराने सरकारी कारखान्याच्या शिशाच्या गोळ्यांची पेटी पुढे ठेवली. यांना पोकळ तोंडाची पाहिजे. दुकानदाराने वरच्या फळीवरून एक जुनी विलायती पेटी काढली. किती वर्षं पडून होती त्यालाच ठाऊक नव्हतं. पितळ काळं पडलेलं. लायसनवर मिळतात त्यातल्या अर्ध्या यांनी त्या घेतल्या, अर्ध्या सरकारी. भाजीबाजारात हा माणूस वांगं दाबून, फिरवून, देठ पाहून घेतो. जिच्यावर जीव सोपवायचा ती गोळी मात्र डब्यावर इंग्रजी आहे म्हणून घेतली.

आता परीक्षा घ्यायची. मोबाइलमधल्या माणसाने घेतली म्हणजे यालाही घ्यायची. त्याने राजुऱ्याहून चायना ग्रासची पाकिटं आणली आणि सुनेला सांगितलं, पातेलंभर जेली कर.

सून म्हणाली, "पोरीच्या वाढदिवसाले मागितली होती तं म्हणे दात किडतात. अन चोराच्या पोटाले जेली?"

"तू कर ना."

तिने केली. आमच्याकडे एप्रिलमध्ये टिनाखाली ठेवलेलं काही घट्ट राहत नाही. संध्याकाळपर्यंत पातेल्यात पाणी आणि वर माशा. भागीदार बोट बुडवून म्हणाला, "भाऊ, एवढा पातळ चोर आपल्याकडं नाई भेटत."

मग त्यांनी पोत्यात ओली रद्दी भरली. पोत्यावर लेकाची जुनी जीन्स बांधली. गोळी कुठे चालवायची हेही ठरवलं. गावामागे खाणीतून काढलेल्या मातीचा मोठा ढिगारा आहे, त्यावर बाभळी उगवल्यात. दुपारी खाणीचा भोंगा वाजतो, लोक घरात जातात आणि सुरुंग उडतात. त्या आवाजात गोळी कोणाला ऐकू जाणार नाही. अशी कुठेही गोळी चालवायची परवानगी नसते हे त्याला माहीत होतं, म्हणून तर भोंग्याची वाट पाहणं. जो माणूस स्वतःच्या रक्षणासाठी पोलिसांकडून कागद घेतो, तोच पोलिसांना ऐकू जाऊ नये म्हणून ढिगाऱ्याआड दबा धरून बसतो. शिकलेली माणसं आहेत, काय बोलावं!

मी सुनेला म्हटलं, "चाल."

गोठ्यात एक जुनी लिंपलेली ताटी पडली होती, घरातल्या ताटीसारखीच. ती आम्ही दोघींनी उचलली. माझी गोधडीही घेतली. ढिगाऱ्याजवळ पोचलो तेव्हा लेक पोतं मातीला टेकवून उभं करत होता.

"हे काऊन आणलं?"

"तुह्या चोराच्या मांगं हे राहते म्हणून आणलं."

भागीदार तोंडातला खर्रा एका गालात सारून म्हणाला, "बाई, तुमी घरी बसा ना. बायकांचं काय काम इथी?"

मी म्हटलं, "तुले मारासाठी घेतलं होतं ते पिस्तूल. तू हाजर आहे तं मी काऊन नको?"

तो हसला, पण पोत्यापासून दोन पावलं लांब सरकला. पोत्यामागे मी ताटी उभी केली, ताटीला मागून गोधडी बांधली. नातीचं डोकं खाटेवर जितक्या उंचीला येतं तितक्या उंचीला. लेकाने ते पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. पण भागीदार समोर होता, म्हणून तो मागे हटला नाही.

भोंगा झाला. जमीन हलली. लेकाने नेम धरला, डोळे मिटले आणि चाप ओढला. टिक. पुन्हा ओढला. टिक. दोन विलायती गोळ्या बसून राहिल्या. आणि मग या शहाण्याने काय करावं? नळी उलटी फिरवून तो आत वाकून पाहायला लागला. मी हातातली काठी त्याच्या मनगटावर हाणली.

"दिवाळीत न फुटलेल्या फटाक्यात कोनी तोंड घालते का रे?"

"माय, लागलं ना!"

"लागू दे. खाली धर ते. जमिनीकडं."

तोवर भागीदार बाभळीमागे गेला होता. काटे टोचले म्हणून शिव्या देत होता, पण बाहेर येत नव्हता. सून ताटीपासून दूर उभी राहून पदराने घाम पुसत होती.

थोडा वेळ थांबून त्याने पुन्हा नेम धरला. पुढची विलायती गोळी उडाली. मग त्याने त्या काढून सरकारी भरली, तीही उडाली. तोवर सुरुंगही संपले. आम्ही जवळ गेलो. पोत्याला पुढून दोन भोकं, मागून दोन भोकं. ताटीला दोन. गोधडी सोडून पाहिली, तिलाही दोन. गोळ्या मागच्या मातीत घुसल्या होत्या. लेकाने बोटांनी माती उकरून विलायती गोळी काढली. ती फुलबील काही झाली नव्हती. तिच्या पोकळ तोंडात जीन्सचा निळा धागा गच्च बसला होता, आणि तशीच, होती तशीच, ती पार गेली होती.

भागीदार बाभळीतून निघून आला. गोधडीच्या भोकात त्याने करंगळी घातली आणि म्हणाला, "पॉवर आहे, भाऊ."

"पॉवर आहे," मी म्हटलं. "नातीच्या डोक्यातून जाईन एवढी आहे."

लेकाने गोळी खिशात टाकली आणि म्हणाला, "माय, तू खाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकव. नाईतर मांगच्या ओसरीत झोपत जा. आता उन्हाळाच आहे."

म्हणजे पाहा. परीक्षा घेतली गोळीची आणि नापास झाले मी. रिव्हॉल्वर जागचं हलणार नाही, म्हातारीने हलावं. चोर बाहेरून येतो म्हणून शस्त्र आणलं आणि आता म्हातारीने बाहेर चोराच्या वाटेत झोपावं. मी त्याला म्हटलं, "ती खाट तुह्या बापानं विणली. तिथून मी एकदाच हलीन, अन तेव्हा चौघं जन उचलतीन." भागीदार हसायला लागला. लेकाने त्याला गप्प केलं, मला नाही.

घरी आल्यावर सुनेने नवऱ्याची उशी उचलली, ताटीला वळसा घालून माझ्या खाटेवर आणून टाकली.

"अजी, आजपासून तुमी इथी झोपा."

"काऊन?"

"मी तिकडं झोपतो, मायले अन पोरीले घेऊन. पिस्तूल माह्या उशीखाली राहीन. चोर आला का मीच चालवतो."

"तुले चालवता येते का?"

"तुमाले तरी कुठी येते? डोये मिटून तं मारून राह्यले होते."

"गंमत सोड."

"गंमत नाई करून राह्यली. ताटीतून पार जाते एवढं तं दोघांनीबी पाह्यलं ना आज."

तो म्हणाला, मग गोळ्या काढून ठेवतो. ती म्हणाली, गोळ्या काढल्या तर चोराला काय दाखवायचं, लायसन? मला मधे पडायची गरज नव्हती, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती. लेक खाटेच्या काठावर बसला. आडवा झाला नाही. तो ताटीकडे पाहत होता. त्या बाजूने ताटी त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती. लिंपण कुठे सुटलंय, बांबूच्या फटीतून पलीकडचा उजेड कसा येतो, सगळं दिसतं तिथून. त्याने एका ठिकाणी बोटाने दाबलं, तर मातीचा पोपडा त्याच्याच उशीवर पडला.

"झोपा ना," सून म्हणाली. "पाठ टेकून पाहा. पोरगी रोज झोपते तिथं."

तो नाही झोपला. मोठा ट्रकांचा मालक, कमरेला रिव्हॉल्वर लावून लग्नात नाचणारा, आपल्या आईच्या खाटेवर घडीभर पाठ टेकवू शकला नाही. मला त्याची दया यायला हवी होती म्हणतात. मला आली नाही. तो तिथून उठला तो अंगणात जाऊन बसला, आणि जेवायला बोलावलं तेव्हा आत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने रिव्हॉल्वर, सरकारी गोळ्या आणि उरलेल्या काळ्या विलायती गोळ्या डब्यात बांधल्या आणि दुकानात जमा करून आला. दुकानदार असं ठेवून घेतो म्हणे. सुनेने सुताराला बोलावून मागच्या दाराला लोखंडी अडसर बसवून घेतला. तो बसवताना लेक घरी थांबला नाही.

लोकांना तो सांगतो, दुरुस्तीला टाकलंय. कशाची दुरुस्ती, असं कोणी विचारलं की त्याला ट्रकचं काम आठवतं.