वहिनीची पेटी

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं म्हणाल, तर झाकणावरून भांडलो.

तुम्ही भिंगारच्या बाजारातून कधी गेला असाल तर मिस्त्रीची ठोकाठोक ऐकलीच असेल. फौजी लोक बदलीच्या वेळी नेतात त्या पत्र्याच्या काळ्या पेट्या तो करायचा. तो पत्रा कापायचा, ठोकायचा. मी रंग द्यायचो. त्यानं दुसरीतनं शाळा सोडली, मी चौथीतनं. म्हणजे दुकानात शिकलेला मीच.

त्या दिवशी पेटी तयार होती, रंगही वाळला होता. तरी गडी झाकण उचलायचा, एका बोटानं सोडायचा आणि कान लावायचा.

"ऐक. दोन आवाज येत्यात."

"एकच येतोय."

"दोन. आधी डावीकडनं, मागनं उजवीकडनं."

"डोक्यात येत असतील तुझ्या. ने की आता घरी."

"अशी? तिला? न्हाई. उद्या सकाळी बिजागरी बघतो."

चपला घालून निघाला. मी मागून ओरडलो, "उद्या न्हाई नेलीस तर रस्त्यावर टाकीन बघ!" हे आमचं शेवटचं बोलणं. यापेक्षा बरं बोलायला पाहिजे होतं, पण ते आम्हाला कधी आलंच नाही.

माझ्या रागाचं कारण सांगतो. ही पेटी वहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं तिला पेटी कबूल केली. आता त्याच्या नातवाला मिसरूड फुटलंय. मधल्या काळात वहिनीच्या नावानं सात-आठ पेट्या झाल्या, घरी एकही पोचली नाही.

पेटी तयार झाली की कुणीतरी जवान घामाघूम होऊन दारात उभा. बदली झालीय, गाडी दुपारची. मिस्त्री पेटीकडे बघायचा, जवानाकडे बघायचा आणि म्हणायचा, "ले जाओ." मी डोळे वटारले की मला म्हणायचा, "त्याची गाडी सुटतीय. तिला कुठं जायचंय?"

वहिनीच्या साड्या टीव्हीच्या खोक्यात असायच्या. टीव्ही बिघडून भंगारात गेला, खोकं राहिलं. ती शेजारणींना सांगायची, "आमचे हे सगळ्या फौजेची कापडं संभाळत्यात. माझी उंदरं संभाळत्यात."

त्यातली एक पेटी माझ्याच घरात आहे. माझं लग्न झालं तेव्हा "नवी नवरी आलीय, तिला पेटी नको व्हय?" म्हणून त्यानं वहिनीची पेटी उचलून माझ्या दारात आणून ठेवली. मी नको म्हणालो नाही. खोटं कशाला सांगू, आवडली होती. माझ्या बायकोनं ती जन्मभर वापरली. तिला जाऊन चार वर्षं झाली, लुगडी अजून पेटीतच आहेत. मी उघडत नाही. वहिनीनं त्या पेटीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट माझी बायको गेल्यापासून मिस्त्रीच्या डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या.

"ह्या कुणाच्या?"

"चुकून झाल्या तिच्याकडनं. खा."

चार वर्षं ती बाई रोज चुकत होती.

स्वतःच्या पोरीच्या लग्नात मात्र मिस्त्रीनं पेटी वेळेत केली. रिवेट इतके मारले की वहिनी म्हणाली, "अहो, पोरगी सासरी चाललीय का सरहद्दीवर?" पाठवणीला सगळे रडत होते आणि हा खाली बसून पेटीचा कोयंडा तपासत होता. कोयंड्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. सकाळीच मी बघितला होता.

मिस्त्रीचा पोरगा सावेडीला कपाटांच्या दुकानात लागला. एकदा म्हणाला, "अण्णा, पेट्या आता कोन घेतंय?"

"कपाट खांद्यावर घेऊन रेल्वेत चढून दाखव, मग बोल."

असा फटकळ. पण आमच्या सुट्टीच्या दिवशी मला रिक्षात घालून सावेडीला न्यायचा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पोरगा गिऱ्हाईकाशी कसा बोलतो ते बघायचा. आत जायचं नाव नाही. "बरा बोलतो," एवढंच म्हणायचा, आणि रिक्षाचे पैसे मला द्यायला लावायचा.

तर त्या संध्याकाळी घरी गेला. चहा मागितला. वहिनी कप घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं. पोरगी लांबून यायची होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी सगळे त्याच्या दारात जमले आणि मी दुकानात गेलो. का गेलो ते विचारू नका. पायांना दुसरी वाट माहीत नाही. शटर उघडलं. पेटी होती. बिजागरीला मी हात लावला नाही. ते माझं काम नव्हे.

तेवढ्यात एक जवान आला. कोवळं पोर, धापा टाकत होतं. "चाचा, ट्रंक मिलेगा? दोपहर की गाडी है."

पोराची नजर थेट पेटीवर. "ले जाओ" माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

"वो बिक गया."

"किसको?"

"मिस्त्री की घरवाली को." आणि मी त्याला पुढच्या गल्लीतलं दुसरं दुकान दाखवलं. आमच्या दुकानातून गिऱ्हाईक दुसरीकडे धाडलेलं हे पहिलंच. मिस्त्रीनं मला जोड्यानं हाणला असता.

हातगाडीवर पेटी टाकून त्याच्या दारात गेलो. भावकीतली एक म्हातारी कडाडली, "सुतकात नवी वस्तू घरात घेत्यात व्हय रं? अक्कल हाय का न्हाई?"

"मुहूर्त बघायचं काम त्यो करत हुता," मी म्हणालो. "मला न्हाई जमत."

वहिनीनं मान वर केली. पेटीकडे बघितलं. मग अंगणात निजवलेल्या त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"आत घ्या, भावजी," ती म्हणाली. "त्यांच्या देखत घ्या."

पोरगा उठला. एका बाजूनं त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं मी. पेटी आत नेऊन भिंतीशी ठेवली. मग दोघं बाहेर आलो आणि त्याला खांदा दिला.