वर केलेलं बोट

बोलण्याआधी शेजारचे आण्णा उजव्या हाताचं बोट वर करायचे. थांबा, असा त्याचा अर्थ. मग छातीत बारीक शिट्टी वाजायची आणि त्यानंतर शब्द यायचा. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. आमच्या विटा गावात आम्ही सगळे शेजारी तेवढं थांबायला शिकलो होतो.

उभा जन्म त्यांनी परमुलखात गलाईच्या दुकानात काढला. जुनं सोनं वितळवायचं, ॲसिडनं शुद्ध करायचं. दुकान मुलावर सोपवून गावी आले, ते दमा घेऊनच.

"भाता चिकटलाय गड्या," म्हणायचे. "हवा आत जाती, भाईर यायचं नाव न्हाई."

त्यांच्याकडे दोन पंप होते. तपकिरी रोज दोन वेळा ओढायचा, निळा धाप लागली तरच. पंपाच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा असतो. मला आकडे बघायची खोड. निळ्याचा भराभर उतरत होता, तपकिरीचा हलतच नव्हता.

"आवं, हा का घेत नाही?"

बोट वर. "त्येनं काय कळतच न्हाई. ॲसिड घातलं की लगीच धूर दिसतो. ह्येचं काय दिसतंय?"

मला स्वस्थ बसवेना. त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"निळा पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतो," डॉक्टर म्हणाले. "आतली सूज रोजच्या पंपानंच उतरते. बरं वाटलं तरी तो बंद करायचा नाही. ओढून झाला की चूळ भरायची. आणि धुरापासून लांब."

त्यांनी मनावर घेतलं. पंप ओढून झाला की अंगणात अशा दणदणीत चुळा भरायचे, की काकू म्हणायच्या, "आवं, सगळ्या गल्लीला कळलं, दमा हाय तुमास्नी!"

त्या थंडीत शिट्टी ऐकू आली नाही. बोट तेवढं सवयीनं वर जायचं.

पुढच्या दसऱ्याला मुलानं भट्टीच्या पूजेला बोलावलं. ते गेले आणि काकूंनी मला हाक मारली. बेसिनवरच्या फळीवर तपकिरी पंप तसाच होता.

मी फोन लावला. पलीकडे शांतता. म्हणजे बोट वर. मी थांबलो.

"ऱ्हाऊ दे की. आता लय बरं हाय. निळा हाय खिशात."

"तिथं दुसरा घ्या. आजच."

"पूजा झाली की घेतो. तू लय काळजी करतोस गड्या."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याच नंबरावरून फोन आला. मी उचलला आणि थांबलो. पण पलीकडून लगेच आवाज आला. मुलाचा.

"दादा, पूजा झाल्यावर आण्णाच भट्टीपुढं बसलं. आमी नको म्हणत हुतो. पहिल्यासारखा सदरा काढून भाईर खुंटीला टांगला. पंप त्याच खिशात. धाप लागली, आमी खोलीभर हुडकतोय... आईला तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "कुणाचा फोन? त्यांचा हाय न्हवं? काय म्हणत्यात?"

मी बोट वर केलं.